भिंगरीला सुट्टी

गाय आजारी पडली की दवाखान्यात घरातला कर्ता पुरुष येतो. शेळी आजारी पडली की बाई येते. कुत्रं आजारी पडलं की कोण येईल, हे तेहतीस वर्षांच्या नोकरीत मला एकदाही आधी ओळखता आलं नाही. कधी शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक येत, कधी घरातली नवी सून, कधी ज्याच्याशी गावात कुणी धड बोलत नाही असा एखादा माणूस. आल्या आल्या ते कुत्र्याबद्दल बोलतच नसत. उसाचं बोलत, विजेचं बोलत, आणि जायच्या वेळी उंबऱ्यात थांबून विचारत, "डॉक्टर, सहज एक विचारू का?"

मी सरकारी जनावरांचा डॉक्टर. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या दवाखान्यांत माझी सगळी नोकरी गेली. आमचं मुख्य काम गाई-म्हशींचं. अडलेलं वासरू सोडवायचं, लाळ-खुरकुताची लस टोचायची, गाभण आहे का ते बघून सांगायचं. कुत्र्यांसाठी आमच्याकडे पिसाळू नये म्हणून टोचायची लस असायची, आणि काम आटोपल्यावर उरलेला थोडा वेळ. कॉलेजात आम्हाला पाच वर्षं जनावर कसं वाचवायचं ते शिकवलं. वाचणार नसेल तर त्याला त्रास न होता कसं झोपवायचं, तेही शिकवलं. औषध ठाऊक होतं, मात्रा ठाऊक होती. कुठल्या दिवशी, एवढंच कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

ते न समजल्यामुळे नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. तेव्हा मी मोरगावला होतो. शेळ्या राखणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईच्या कुत्र्यावरून जीप गेली होती. कंबर मोडली होती आणि मागचे पाय गेले होते. ते बरं होणार नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बाई रोज सकाळी शेळ्या सोडायच्या आधी येऊन विचारायच्या, "काय करू बाबा ह्याचं?" आणि मी रोज म्हणायचो, "बघू अजून दोन दिवस." मी सव्वीस वर्षांचा होतो. वाईट बातमी तोंडातून काढायचं धाडस माझ्यात नव्हतं, म्हणून मी त्यांना आशा देत राहिलो. नवव्या दिवशी शेळ्यांच्या वाड्यात ते कुत्रं मेलं, अंगाला जखमा पडून, माश्या बसून. बाई मला रागानं एक शब्दही बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "तुमी तरी काय करनार." हे वाक्य कुठं ठेवावं ते मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर मी स्वतःपुरता एक रिवाज केला. बरं न होणारं कुत्रं घेऊन कुणी आलं की मी त्याला विचारायचो, याला कुठल्या तीन गोष्टी सगळ्यात आवडतात? कुणी सांगायचं भाकरी-दूध, कुणी सांगायचं मोटारसायकलीवर पुढं बसणं, कुणी सांगायचं पोरं शाळेतून यायच्या वेळी फाटकात उभं राहणं. मी म्हणायचो, यातल्या दोन सुटल्या की माझ्याकडे या. हा काही शास्त्राचा नियम नाही, पण माणसाला हातात धरायला काहीतरी लागतं. पुष्कळ वर्षं तो मला पुरला. शेवटच्या वर्षी किसनआबा भेटले आणि तो अपुरा पडला.

शेवटच्या वर्षी मी उजनी धरणाच्या पाणफुगवट्याजवळच्या एका दवाखान्यात होतो. पळसदेव तिथून जवळ. थंडीत सकाळी आठ-साडेआठपर्यंत तिथं काठ कुठं संपतो आणि पाणी कुठं सुरू होतं ते दिसत नाही. सगळं एकाच पांढऱ्या धुक्यात असतं. त्यात मधेच एखादा होडीवाला उभा दिसतो, होडी दिसत नाही. तो हवेतच चाललाय असं वाटतं. त्या वर्षीच्या बऱ्याच गोष्टी मला आता तशाच आठवतात, कडा नसलेल्या.

अशाच एका सकाळी आबा गोधडीत गुंडाळलेली कुत्री छातीशी धरून चालत आले. सत्तरीचा, सडसडीत माणूस. कुत्री तांबूस रंगाची, गावठी. एक कान ताठ, एक दुमडलेला. लहानपणी स्वतःभोवती गरागरा फिरायची म्हणून नाव भिंगरी. पोटाखाली डाळिंबाएवढी गाठ होती. आणि ती खोकत होती. मला गाठीपेक्षा खोकल्याची काळजी वाटली.

आमच्याकडे एक्स-रे नव्हता. पुढच्या रविवारी मी दोघांना माझ्याच गाडीतून बारामतीला एका ओळखीच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. फोटो उजेडासमोर धरला तर छातीभर पांढरे गोल ठिपके होते, धुक्यात दिवे लागावेत तसे. गाठ कॅन्सरची होती आणि ती फुफ्फुसात पसरली होती. आबांनी फोटो निरखून बघितला, पण काही विचारलं नाही. मीही गाडीत काही बोललो नाही. म्हटलं, उद्या दवाखान्यात नीट बसवून सांगू.

दुसऱ्या दिवशी ते आले. आवारात चार-पाच माणसं आपापली जनावरं घेऊन थांबली होती. मी आबांना खुर्चीवर बसवलं आणि हळू आवाजात, सावकाश सांगायला सुरुवात केली. ते माझ्या तोंडाकडे बघत होते; आतापर्यंतची माझी दोन-चार वाक्यं त्यांनी तशीच ओठांवरून ओळखली होती, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग म्हणाले, "डॉक्टर, मोठ्यानं बोला. मला ऐकू येत न्हाय."

मी आवाज चढवला. "आजार छातीत गेलाय!"

"काय?"

"छातीत! पसरलाय!"

"औषधानं कमी यील का?"

मला आजवर अशा बातम्या हळू सांगायची सवय. आता मी उभा राहून, सगळ्या आवाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडलो, "ती बरी होणार नाही, आबा!"

बाहेरची माणसं बोलायची थांबली. माझी मलाच लाज वाटली. मी केसपेपर पालथा घातला आणि मागच्या बाजूला लिहिलं, दोन-तीन महिने. आबांनी तो कागद वाचला आणि उलटा करून माझ्याकडे सरकवला.

"लिहू नका," ते म्हणाले. "तोंडानं सांगा. लिहिल्यालं तसंच राहतं."

मग मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. ओठ नीट हलवत, आवाज न चढवता बोललो, तर त्यांना बरंचसं कळत होतं. त्या दिवशी त्यांनी मला भिंगरीचं खरं काम सांगितलं.

धरणात जमीन गेल्यावर आबा एका साखर कारखान्यात लागले. ऊस चिरडणाऱ्या यंत्राशेजारी वीस गळीत हंगाम काढले आणि तिथं कान गेले. मग काठावरच्या उरलेल्या तुकड्यात वांगी-मिरची करायची आणि पहाटे होडीतून जाळी ओढायची असं सुरू झालं. एकदा मागून मोटारीची लाँच आली, ती त्यांना ऐकूच आली नाही. तिच्या लाटेनं होडी उलटली. जाळ्यासाठी रोवलेल्या बांबूला धरून तासभर पाण्यात होते. मुलानं शहरातून कानाचं यंत्र आणून दिलं, पण पाण्यावरच्या वाऱ्यानं ते नुसतं शिट्ट्या मारायचं. ते डब्यात गेलं. त्यानंतर ही पिल्लू म्हणून आली आणि आपली आपणच होडीच्या पुढच्या टोकावर बसायला लागली.

"मी पान्याकडं बघतच न्हाय डॉक्टर," आबा म्हणाले. "हिच्या कानाकडं बघतो. कान जिकडं फिरल तिकडनं काय तरी येतंय."

मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. हिला आवडणाऱ्या तीन गोष्टी कुठल्या? आबांनी विचार केला. चिलापी माशाचं डोकं. हौसाच्या, म्हणजे आबांच्या बायकोच्या, चुलीपुढची राख. आणि होडी.

"यातल्या दोन सुटल्या की मला सांगायचं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मी दुखण्याच्या आणि खोकल्याच्या गोळ्या दिल्या.

पुढचे तीन महिने मी बहुतेक रविवारी सकाळी पळसदेवला आबांकडे जात होतो. खरं सांगायचं तर भिंगरीला तपासायला दहा मिनिटं पुरत. बाकीचा वेळ मी माझ्यासाठी जायचो. निवृत्ती जवळ आली होती, बदलीची, कागदांची सगळी धावपळ संपत आली होती, आणि असं नुसतं होडीत बसून राहणं मी जन्मात कधी केलं नव्हतं. आबा मागं वल्हं घेऊन, मी मधे, भिंगरी पुढं. वल्ह्याचा आवाज आणि तिचा श्वास, एवढंच ऐकू यायचं. दूर उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची रांग उभी असायची. आधी ती गुलाबी रेघ वाटायची, मग तिला पाय फुटायचे.

आबा मधेच वल्हं थांबवून बोलायचे. ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज एकतर फार मोठा होतो, नाहीतर फार हळू. पाण्यावर त्यांचा आवाज हळू व्हायचा.

"हितं आमची विहीर हुती."

मी खाली बघायचो. हिरवट पाणी, त्यात आमच्या तिघांची डोकी.

"आत्ता तुमी माझ्या हरभऱ्यावरनं चाललाय. हितनं पुढं बांध."

बुडालेलं जुनं गाव त्यांना वरून पाठ होतं. विहिरीवरून, चावडीवरून, लहानपणच्या शाळेवरून आम्ही आवाज न करता तरंगत जायचो. भिंगरीचा ताठ कान एकदा डावीकडे वळायचा, एकदा उजवीकडे, आणि आबा वल्हं त्याप्रमाणे फिरवायचे. दोघांमध्ये एक शब्द होत नव्हता. मला वाटायचं, ही होडी तो कानच चालवतोय.

पण गाठ वाढत होती. पौष संपता संपता तिनं माशाचं डोकं सोडलं. नुसता वास घेऊन तोंड फिरवायची. आबांनी ते मला सांगितलं नाही, मीच पाहिलं. माघात ती होडीत उडी मारेनाशी झाली, आबा तिला उचलून ठेवू लागले. एकदा टोकावर बसली की मात्र ती पूर्वीचीच. मान वर, कान उभा.

"होडीत बरी असती," आबा म्हणायचे. "बगा की."

मी बघत होतो. ते खोटं नव्हतं.

फाल्गुनात पाणी उतरायला लागलं आणि जुन्या देवळाचा कळस वर आला. त्याच आठवड्यात हौसामावशी एकट्याच एसटीनं दवाखान्यात आल्या. पिशवीत शेवग्याच्या शेंगा होत्या. शेंगा टेबलावर ठेवल्या, पदर सावरला आणि पहिलं वाक्य बोलल्या, "मी आलेली ह्यांना सांगू नगा."

मी म्हणालो, "नाही सांगत. बसा."

"ती रातीची निजत न्हाय डॉक्टर. बसूनच ऱ्हाती. मान लांब करून घुरघुर करती. आडवी झाली की तिला दम घेता येत न्हाय. ह्यांना ऐकू येत न्हाय. हे तिच्या अंगावर हात टाकून झोपत्यात. मला सगळं ऐकू येतं. चुलीपुढं बी येत न्हाय ती आता."

म्हणजे दोन गोष्टी सुटल्या होत्या. मी म्हणालो, "मावशी, मग तुम्हीच आबांना का सांगत नाही?"

त्यांनी टेबलावरच्या शेंगा एका बाजूला सारल्या. मग म्हणाल्या, "ती गेली की हे दुसऱ्या दिवशी एकलेच जात्याल पान्यावर. मी ओळखती ह्यांना. मागनं लाँच आली तर कळायचं बी न्हाय. ती हाय तवर हे माघारी येत्यात, एवढं मला ठावं हाय." आणि मग त्यांचा आवाज फुटला. "पर तिचं ते घुरघुरनं मला आता ऐकवत न्हाय वो. मी काय मागू तुमच्याकडं, मलाच कळत न्हाय."

मी त्यांना चहा पाजला आणि म्हणालो, रविवारी येतो.

रविवारी गेलो. भिंगरी फार उतरली होती. हिरड्या फिकट, पोट श्वासाबरोबर आत-बाहेर होत होतं. मी आबांचा हात धरून त्यांना माझ्याकडे वळवलं आणि ओठ हलवून म्हणालो, "आबा, दोन गोष्टी सुटल्या."

ते म्हणाले, "होडी हाय अजून. चला तुमी." आणि तिला उचलून टोकावर ठेवलं.

आम्ही देवळाच्या दिशेनं निघालो. धुकं विरत होतं आणि कळस पाण्यातून नुकताच उगवल्यासारखा दिसत होता. भिंगरी बसली होती, पण मान वर धरताना तिचं सगळं अंग थरथरत होतं. थोड्या वेळानं मला मागून मोटारीचा आवाज ऐकू आला. अजून लांब होता. मी आबांच्या गुडघ्यावर हात ठेवणार, इतक्यात भिंगरीनं तो ऐकला.

तिचा कान मागं फिरला. ती उठायला गेली, पुढचे पाय घसरले, परत उठली. तोंड उघडलं. भुंकण्याऐवजी खोकला निघाला आणि तो थांबेना. जीभ निळसर झाली. तरी ती मागं बघत होती, तोंड उघडत होती, पुन्हा पुन्हा. तिला श्वास हवा होता आणि ती तो भुंकण्यात घालवत होती.

आबांनी होडी बाजूला घेतली. लाँच लांबून गेली, तिची लाट आमच्याखालून हळू निघून गेली. त्यांनी वल्हं आडवं ठेवलं, पुढं सरकले आणि भिंगरीला मांडीवर घेतलं. खोकला थांबायला पुष्कळ वेळ लागला. खिशात आणलेलं दम कमी करायचं इंजेक्शन मी तिला दिलं. आम्ही वाहत चाललो होतो, कुठं ते दोघांनीही बघितलं नाही.

मग आबा बोलले. माझ्याकडे न बघता.

"हौसा आली हुती ना तुमच्याकडं?"

मी रिकामी सिरिंज खिशात ठेवली.

"शेंगा कमी दिसल्या झाडाला." ते जरासे हसले. "तिला वाटतं मला कळत न्हाय. रातभर माझा हात हिच्या बरगड्यांवर असतोय डॉक्टर. कानाला न्हाय कळत, हाताला कळतंय. मला माघापासनंच ठावं हाय."

होडी गोल फिरली. देऊळ एकदा समोर आलं, मग मागं गेलं.

"हिची नोकरी संपलीया," आबा म्हणाले. "मीच सुट्टी देत न्हाय हिला. माझ्यासाठी ठेवलीया मी हिला. हिच्यासाठी न्हाय."

इतक्या वर्षांत कुत्र्याच्या किती मालकांनी माझ्याजवळ अश्रू ढाळले असतील. हे वाक्य असं सरळ कुणी म्हटलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर सरकून बसलो. म्हणालो, "आज करू या, आबा. माझी पिशवी गाडीत आहे."

त्यांनी माझे ओठ वाचले. मान हलवली. नाही म्हणून.

"उद्या," ते म्हणाले. "सकाळी या."

मी आग्रह करायला हवा होता का? मोरगावचं सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं. पण तिथं मी टाळलं होतं, आणि इथं समोरचा माणूस दिवस ठरवून सांगत होता. मी उद्याला हो म्हणालो, आणि रात्रीसाठी औषध देऊन निघालो.

सोमवारी सकाळी गेलो तेव्हा आबा काठावरच बसले होते. मावशींनी सांगितलं, रात्रीचं औषध थोडाच वेळ पुरलं. त्यानंतर ती टेकली नाही. आबा तिला आपल्या छातीला टेकवून बसून राहिले, म्हणजे तिला बसल्या बसल्या डोळा लागेल. कुणीच झोपलं नव्हतं.

आबांची इच्छा होती की होडीत व्हावं. मी सांगितलं की हलत्या होडीत मला शीर सापडणार नाही. म्हणून त्यांनी आणि मी होडी अर्धी ओल्या गाळात ओढून घेतली. ती घट्ट रुतून बसली. मागचा भाग पाण्यात राहिला, तिथं लाटा हलकेच आपटत होत्या. भिंगरीला तिच्या जागेवर गोधडी घालून ठेवलं. मावशी काठावर उभ्या राहिल्या. त्यांना पाण्याची भीती. इतक्या वर्षांत त्या होडीत कधी बसल्या नव्हत्या. पण त्या गाळात उतरल्या, घोट्यापर्यंत आत आल्या आणि होडीच्या कडेला हात ठेवून थांबल्या.

मी आबांना सगळं आधीच समजावून सांगितलं. पहिलं इंजेक्शन झोपेचं, तिला नेहमीसारखी झोप लागेल. दुसरं नंतरचं, ते तिला कळणार नाही. ते म्हणाले, "करा."

पहिलं दिलं. आबांचा हात तिच्या बरगड्यांवर होता आणि डोळे तिच्या ताठ कानावर. पाण्यावर कुठंतरी टिटवी ओरडली. कान त्या दिशेला वळला, थोडा थांबला, आणि मग हळूहळू, पान कलतं तसा कलला. पाच-सहा आठवड्यांत पहिल्यांदा ती आडवी झाली. तिचं डोकं गोधडीवर टेकलं.

"निजली," आबा म्हणाले.

मावशींनी डोळ्यांना पदर लावला. "व्हय. निजली," त्या म्हणाल्या, पण ते आबांना ऐकू गेलं नसणार.

मी दुसरं दिलं. मग स्टेथोस्कोपच्या नळ्या कानात घालून चकती तिच्या छातीवर टेकवली आणि वाट बघितली. आबा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. हे त्यांना कसं सांगायचं, मोठ्यानं की हळू, हे मी त्या क्षणापर्यंत ठरवलं नव्हतं. काही सांगावं लागलं नाही. मी नळ्या कानातून काढल्या आणि त्यांना कळलं. हाताला आधीच कळलं असेल.

वांग्यांच्या वाफ्याशेजारी त्यांनी पहाटेच खड्डा खणून ठेवला होता, कमरेएवढा खोल. त्या औषधानं गेलेलं जनावर उकरून दुसऱ्या कुत्र्यानं खाल्लं तर त्यालाही बाधतं, म्हणून मी खोल खणायला सांगितलं होतं. आम्ही तिला गोधडीसकट ठेवलं. माती ओढून झाल्यावर आबा तिथंच खाली बसले. मी निघालो तेव्हा त्यांनी हात वर केला नाही, मीही केला नाही.

मे महिन्याअखेर मी निवृत्त झालो. सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं. बारामतीला घरी आलो आणि काही दिवसांनी खालच्या मजल्यावर लहानसा दवाखाना सुरू केला. इथं गाई-म्हशी कमी, कुत्री-मांजरं जास्त. पळसदेवकडे जायचं मनात असूनही मी टाळत होतो. भिंगरी गेल्यावर आबांनी होडी पालथी घातली, घराबाहेर पडत नाहीत, एवढं दवाखान्यातल्या माझ्या जुन्या परिचरानं फोनवर सांगितलं होतं. दुसरी कुठली बातमी ऐकायची माझी तयारी नव्हती.

थंडी पडल्यावर शेवटी गेलो. सकाळची वेळ होती, तेच धुकं. काठावर होडी नव्हती. घराला कुलूप. मी पाण्याकडे बघत थांबलो. बऱ्याच वेळानं त्या पांढऱ्यातून आधी वल्हं मारणारा एक माणूस दिसला, मग होडी दिसली, आणि मग होडीच्या पुढच्या टोकावर बसलेली बाई.

हौसामावशी होत्या. दोन्ही हातांनी कड घट्ट धरून, पदर डोक्यावरून गच्च ओढून, तोंड पुढं करून बसल्या होत्या. होडी काठाला लागल्यावर मी हात दिला तेव्हा त्यांचा हात थंडगार होता.

"भीती वाटत नाही मावशी?"

"वाटती की," त्या म्हणाल्या. "रोज वाटती. पर ह्यांना ऐकू येत न्हाय आन् मला पवता येत न्हाय. दोघांचं मिळून एक मानूस हुतंय." मग त्यांनी होडीच्या पत्र्यावर तळहातानं दोनदा थापटून दाखवलं. "डावीकडनं काय आलं की हितं. उजवीकडनं आलं की तितं. ह्यांच्या पायाला कळतंय."

त्यांनी चहा ठेवला. आबा आणि मी वाफ्यांकडेला बसलो. वांगी चांगली लागली होती. मला एक विचारायचं होतं आणि ते विचारायलाच मी आलो होतो. मी त्यांच्याकडे तोंड करून म्हणालो, "आबा, आपण दिवस बरोबर निवडला का?"

त्यांनी माझे ओठ वाचले. वाफ्यातलं एक पिवळं पान खुडलं. मग म्हणाले, "न्हाय. एक दिस उशीर झाला."

मी मान खाली घातली.

"तुमचा न्हाय, माझा उशीर. तुमी आज म्हनला हुता. तो एक दिस मी तिच्याकडनं मागून घेतला. तिनं दिला. लई जड गेला तिला." ते थांबले. "मला बी."

मी ते ऐकून घेतलं. त्यांना माफी नको होती, समजूतही नको होती. मावशी चहा घेऊन आल्या आणि आम्ही माशांच्या बाजाराबद्दल बोलायला लागलो.

गेल्या महिन्यात बारामतीतल्या माझ्या दवाखान्यात एक बाई आल्या. कॉलेजात शिकवतात, एकट्या राहतात. त्यांचा चौदा वर्षांचा काळा लॅब्राडोर मूत्रपिंडं निकामी होऊन पडला होता. आठ दिवस सलाईन चालू होतं. मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्या रडल्या नाहीत. कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "डॉक्टर, उद्या आणू का?"

मी विचारलं, "उद्या कुणासाठी?"

त्यांचा हात कुत्र्याच्या डोक्यावर थांबला. बाहेर रस्त्यावर उसाची ट्रॉली गेली, तिच्या आवाजात एक मिनिट काही बोलता आलं नाही. मग त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी."

मी कुत्र्याला दुखणं कमी होण्याचं इंजेक्शन दिलं. त्यांना सांगितलं, जास्त झालं तर कितीही वाजता फोन करा, नाहीतर सकाळी नऊला दवाखाना उघडतो.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी दूध आणायला खाली उतरलो, तर दवाखान्याच्या शटरसमोर त्यांची गाडी उभी होती. मागच्या सीटवर त्या कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी दुधाची पिशवी पायरीवर ठेवली आणि शटर वर केलं.